पालेभाजी-रिकोटाची न्योकी पाण्यात फुटते? मैद्याच्या डब्याला हात लावण्याआधी हे तपासा

थंडीत पालक-चाकवताच्या जुड्या स्वस्त झाल्या की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे फोटो यायला लागतात. पातेल्यात हिरवट गढूळ पाणी, त्यात विखुरलेला पाला आणि खाली प्रश्न: "ताई, मैदा कमी पडला का?" मी घरच्या घरी इटालियन स्वयंपाक शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला नेहमीचाच. उत्तरही बहुतेक वेळा एकच असतं. मैदा कमी पडलेला नसतो, पाणी जास्त झालेलं असतं.

आधी एक खुलासा. न्योकी म्हणजे उकळत्या पाण्यात शिजवायचे छोटे मऊ गोळे. इथे बटाट्याची न्योकी नाही, रिकोटा (मऊ, ताजं चीज) आणि पालेभाजीची आहे. हा पदार्थ इटलीतल्या टस्कनीचा. फ्लोरेन्सकडे त्याला न्यूदी म्हणतात, सिएना आणि ग्रोसेतोच्या भागात मालफात्ती. रॅव्हिओली म्हणजे सारण भरलेला पास्ता; त्यातलं सारण आवरण न घालता थेट पाण्यात सोडायचं, असा एकूण प्रकार. कल्पना जुनी आहे: सालिम्बेने दा पार्मा या फ्रान्सिस्कन साधूने १२८४ साली संत क्लाराच्या सणाला पिठाच्या आवरणाविना केलेली रॅव्हिओली खाल्ल्याचं लिहून ठेवलंय. बटाट्याच्या न्योकीत बटाट्याचा स्टार्च बांधून ठेवायला मदत करतो. इथे तो आधार नाही. थोडं अंडं, थोडा मैदा, किसलेलं चीज, बस. म्हणून मिश्रणात चमचाभर पाणी जास्त राहिलं तरी ते लगेच भोवतं.

पुढे सगळीकडे मी हे प्रमाण धरून बोलते आहे: निथळलेला रिकोटा २५० ग्रॅम, शिजवून घट्ट पिळलेला पाला १५० ग्रॅम, किसलेलं पार्मेझान ५० ते ६० ग्रॅम, एक अंडं, मैदा ४० ते ६० ग्रॅम, चिमूटभर जायफळ, बेतानं मीठ. तिघा-चौघांना पुरतं. रिकोटा आणि पाला यांची वजनं निथळल्या-पिळल्यानंतरची आहेत. निम्मा घोळ इथेच होतो, कारण लोक डब्यावरचं वजन धरतात.

लक्षणं

तुमचं नेमकं काय बिघडलंय ते आधी ओळखा, म्हणजे सगळं वाचायला नको.

– गोळे वळतच नाहीत, मिश्रण तळहाताला चिकटून राहतं: पाला किंवा रिकोटा ओला आहे. तपासणी ३ आणि ४.

– पाण्यात पडल्या पडल्या विरघळतात, पाणी दुधाळ होतं: पुन्हा ओलावा, नाहीतर पाणी पुरेसं तापलेलं नाही. १ पासून सुरुवात करा.

– गोळा टिकतो, पण कडा झडतात आणि पाण्यात हिरवे कण फिरतात: उकळी फार जोरात आहे किंवा पाला जाडसर चिरलाय. १ आणि ३.

– पाण्यातून चिजाचे तार निघतात, वर तेलकट तवंग येतो: चीज चुकीचं आहे. ५.

– वर येतात, दिसतातही छान, पण झाऱ्याने उचलताना मधोमध फुटतात: अजून शिजलेले नाहीत किंवा अंडं कमी पडलंय. १ आणि ६.

– फुटत नाहीत, पण चावायला चिवट आणि चवीला पिठूळ: मैदा जास्त झाला. बहुतेकदा हा आदल्या खेपेच्या फुटण्यावर केलेला 'उपाय' असतो. ६.

– सगळं जमलं, पण ताटलीत खाली पाणी साचतं: तपासणी ७ च्या शेवटी बघा.

१. आच आणि पातेलं

पैसा लागत नाही म्हणून हे पहिलं. पातेलं खोल नको, पसरट हवं. तीन लिटर पाणी, लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ. पाण्याला आधी खळखळून उकळी आणा, मग आच इतकी कमी करा की बुडबुडे येत राहतील पण पाणी उसळणार नाही. गोळे त्या पाण्यात सोडायचे.

का? अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान धरतात. पाणी कोमट असेल तर ते धरण्याआधीच गोळ्याचा बाहेरचा थर सुटायला लागतो. उलट खळखळत्या पाण्यात गोळे एकमेकांवर आणि पातेल्यावर आपटून फुटतात. एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त सोडलेत तर पाणी एकदम गार पडतं आणि पहिलीच अडचण परत येते. सोडल्यावर चमचा घालून ढवळू नका. तळाला चिकटतील असं वाटलं तर पातेलं हलकंच हलवा.

वर आले म्हणजे शिजले असं नाही. वर आल्यावर आणखी मिनिटभर राहू द्या. अक्रोडाएवढ्या गोळ्याला एकूण तीन-चार मिनिटं लागतात. उचलायला सपाट झारा घ्या. चिमट्याने कधीच नाही.

२. एकच गोळा आधी

सगळे गोळे वळून झाल्यावर पाणी तापवायला ठेवण्याची आपली घाई असते. ती सोडा. मिश्रण झालं की एकच गोळा वळून शिजवून बघा. टिकला तर पुढे जा, फुटला तर अजून दुरुस्तीला वाव आहे. इतका स्वस्त आणि इतका टाळला जाणारा उपाय दुसरा नसेल. चवही याच गोळ्यावर बघून घ्या, कारण पार्मेझान खारट असतं आणि मिठाचा अंदाज हमखास चुकतो.

३. पालेभाजीतलं पाणी

दहापैकी सहा-सात तक्रारींचं मूळ इथे असतं, म्हणून जरा सविस्तर.

पालकाच्या पानात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं. निवडलेली ५०० ग्रॅम पानं शिजवून नीट पिळली की जेमतेम १५० ग्रॅमच्या आसपास उरतात. तुमच्याकडे २५० ग्रॅम उरली असतील तर पालक चांगला निघाला असं नाही, शंभर ग्रॅम पाणी आत राहिलंय. वजनकाटा असेल तर हीच सगळ्यात खरी चाचणी.

पानं भरपूर पाण्यात उकळू नका. धुतल्यावर अंगाला राहिलेलं पाणी पुरतं. जाड बुडाच्या कढईत घालून झाकण ठेवा, दोन मिनिटांत बसतात. मग चाळणीत काढून पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम पाला पिळता येत नाही, हात भाजतो म्हणून आपण अर्धवट सोडून देतो. शिवाय गरम पाला रिकोट्यात गेला तर चीज सैल पडतं आणि अंडं आधीच शिजायला लागतं.

गार झाल्यावर मूठ-मूठ घेऊन पिळा. मग जुन्या पंचात किंवा मलमलच्या कापडात बांधून पुन्हा पिळा, दोन्ही टोकं उलट दिशेने वळून. दुसऱ्या पिळण्यात निघणारं पाणी बघून बहुतेकांना धक्का बसतो. त्यानंतर सुरीने बारीक चिरा. चिरल्यावर आणखी थोडं पाणी सुटतं, म्हणून तिसऱ्यांदा पिळा. तरी शंका असेल तर कढईत चमचाभर लोणी घालून दोन-तीन मिनिटं परता, चर्र आवाज थांबेपर्यंत.

मिक्सर वापरू नका. पात्याखाली पानाच्या पेशी फुटतात, त्यांतलं उरलंसुरलं पाणी बाहेर येतं आणि पाल्याची पेस्ट होते. पेस्ट पिळता येत नाही. रंग एकसारखा हिरवा येतो म्हणून मिक्सर लावणारे पुष्कळ आहेत. मला तो रंग आवडत नाही. पांढऱ्यात हिरवे ठिपके दिसले पाहिजेत.

कोणती भाजी? टस्कनीत पालक किंवा बिएतोला, म्हणजे चार्ड, घालतात. वसंतात खाजकुइलीसारख्या खाजऱ्या ऑर्तिकाचे कोवळे शेंडेही चालतात, शिजल्यावर खाज जाते. आपल्याकडे चाकवत यासाठी पालकाहून सरस आहे असं माझं मत. पान मऊ, चव सौम्य, आणि पालक-चाकवत आहेतही एकाच कुळातले. राजगिऱ्याची कोवळी पानं चालतात, देठ नकोत. लाल माठ घातला तर चव चांगली लागते, पण रंग सगळीकडे उतरतो. मेथी फार तर मूठभर, नाहीतर जायफळ आणि पार्मेझान दोन्ही तिच्या कडूपणाखाली बुडतात. आंबट चुका नको, चवच बदलते. गोठवलेला पालक चालतो. फक्त पूर्ण वितळू द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे तीनदा पिळा, कारण गोठताना पेशी फुटलेल्या असतात आणि पाणी बरंच सुटतं.

४. रिकोटा

पाला कोरडा असूनही मिश्रण सैल असेल तर बोट रिकोट्याकडे जातं.

साधी चाचणी: चमचाभर रिकोटा कागदी रुमालावर ठेवा आणि दहा मिनिटं विसरा. रिकोट्याभोवती कागद बोटभर ओला झाला तर तो तसाच वापरायचा नाही. मलमलच्या कापडात बांधून, चाळणीत ठेवून, खाली भांडं ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवा. श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या घरात हे वेगळं शिकवावं लागत नाही. वर वजन मात्र ठेवू नका, दाबला की तो पनीरच्या वाटेला जातो.

मूळ रिकोटा चीज करताना उरलेल्या निवळीपासून होतो. ती निवळी पुन्हा ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातली प्रथिनं गोळा होऊन वर येतात. टस्कनीत मेंढीच्या दुधाचा रिकोटा सहज मिळतो, तो घट्ट आणि जास्त स्निग्ध असतो. म्हणूनच तिथल्या कृतीत मैद्याचा आकडा इतका लहान दिसतो. आपल्याकडच्या डब्यातला गाईच्या दुधाचा रिकोटा बराच ओलसर असतो. तीच कृती तसाच डबा उघडून केली तर फुटणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी डब्यावरचे घटक वाचावेत. ग्वार गम किंवा कॅरागीनन घातलेला रिकोटा पाणी धरून ठेवतो, रात्रभर टांगूनही नीट निथळत नाही. फक्त दूध किंवा निवळी, आम्ल आणि मीठ एवढंच लिहिलेला डबा शोधा.

घरी करायचा असेल तर एक लिटर मलईदार दूध ८५-९० अंशांपर्यंत तापवा, आच बंद करा, दोन ते तीन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हळूहळू घाला आणि दहा मिनिटं हात लावू नका. दूध फाटलं की आणखी आम्ल घालायचं नाही. जास्त आम्ल आणि जास्त ढवळणं, दोन्हींनी दाणे कडक होतात. मग मलमलमध्ये तासभर निथळा. हा शास्त्रानुसार रिकोटा नव्हे, पण या कामाला उत्तम.

आता बदली पदार्थांचं. पनीर किसून घातलं तर गोळे फुटत नाहीत, पण रवाळ लागतात आणि न्योकीचा मऊपणा जातो. चक्का चालत नाही: तो आंबट असतो आणि तापल्यावर त्याला पाणी सुटतं. मस्कारपोने म्हणजे जवळजवळ मलईच, गोळा धरायचा प्रश्नच नाही.

५. किसायचं चीज

रिकोटा तापवल्यावर वितळत नाही, म्हणून या पदार्थात त्याचं स्थान आहे. पार्मेझान थोडं वितळतं, पण ते जुनं आणि कोरडं असल्यामुळे ओलावा शोषतं आणि मिश्रण घट्ट करतं. प्रोसेस्ड चीजचा क्यूब किंवा पिझ्झ्याचा मोझरेला हे मुळात सुरेख वितळावेत म्हणूनच केलेले असतात. ते उकळत्या पाण्यात नेमकं तेच करतात आणि गोळा आतून पोकळ होतो. तार आणि तवंग दिसला तर दुसरं काही तपासत बसू नका.

शाकाहारी घरांसाठी: अस्सल पार्मेझानमध्ये, म्हणजे पार्मिजानो रेज्जानोत, वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा घटक) वापरतात, नियमानेच. ग्राना पादानोचंही तसंच. ते चालत नसेल तर हिरवा ठिपका असलेलं, जुनवलेलं कडक चीज घ्या आणि घरी बारीक किसा. पेरूएवढा तुकडा पुरतो.

६. अंडं, मैदा आणि हात

इथवर सगळं बरोबर असेल आणि तरी फुटत असेल, तरच मिश्रणाला हात लावायचा. आधी एक जास्तीचं पिवळं बलक. मग मैदा, एकेक चमचा, आणि प्रत्येक चमच्यानंतर एक गोळा शिजवून. २५० ग्रॅम रिकोट्याला ८० ग्रॅम मैदा ही माझी शेवटची रेघ. त्यापुढे ती न्योकी उरत नाही.

मिश्रण मळायचं नाही. मैदा शेवटी घालून काट्याने किंवा बोटांच्या टोकांनी एकत्र होईपर्यंतच फिरवायचं. कणकेसारखं मळलं की ग्लूटेन तयार होतं आणि गोळे चिवट होतात. मग अर्धा तास फ्रिजमध्ये. थंड मिश्रण वळायला सोपं जातं आणि पीठही ओलावा शोषून घेतं. वळताना हाताला मैदा लावा, फार गुळगुळीत करायच्या नादी लागू नका.

७. रव्यात रात्रभर

हा वेळखाऊ उपाय, पण अंडं न खाणाऱ्यांसाठी हाच राजमार्ग. न्यूयॉर्कच्या 'द स्पॉटेड पिग' या रेस्टॉरंटमधल्या न्यूदीमुळे तो पुष्कळ लोकांपर्यंत पोचला. ताटात रव्याचा बोटभर थर द्या, त्यावर गोळे एकमेकांना न लागता ठेवा, वरूनही रव्याने पूर्ण झाका आणि झाकण न लावता फ्रिजमध्ये ठेवा, एक रात्र, हवं तर दीड दिवस. रवा गोळ्याच्या पृष्ठभागातलं पाणी ओढून घेतो आणि बाहेर पातळ साल तयार होते. शिजवताना ती साल आतला मऊ भाग धरून ठेवते.

इटलीत यासाठी ड्युरम गव्हाचा रवा वापरतात. आपल्याकडचा बन्सी रवा ड्युरमचाच, तो घ्या. नेहमीचा बारीक रवाही चालतो, साल थोडी नाजूक येते. एक लक्षात घ्या: तेव्हाच्या त्या प्रसिद्ध कृतीत पाला नव्हता. पाल्यासकट करायचं असेल तर तो आणखी कोरडा हवा आणि प्रमाण शंभर ग्रॅमवर आणा. अंड्याविना, ओल्या पाल्याचा गोळा रव्यात ठेवला तर सकाळी रव्याचा लगदा मिळतो.

जास्तीचे गोळे ताटात सुटे गोठवा, मग डब्यात भरा. शिजवताना वितळू न देता थेट पाण्यात. वितळले की पाणी सुटतं.

ताटलीत पाणी साचत असेल तर गोळे झाऱ्यावरून थेट सॉसमध्ये जाताहेत. आधी स्वच्छ फडक्यावर अर्धा मिनिट ठेवा, मग वितळलेल्या लोण्यात. टस्कनीत लोणी आणि सेजची पानं घालतात. सेज मिळालं नाही तर लोणी तांबूस होईपर्यंत तापवा आणि एक लसणाची पाकळी ठेचून घाला. पातळ टोमॅटो सॉस यावर नको.

कुठे थांबायचं

पाला पिळला, रिकोटा निथळला, बलक घातलं, मैदा ८० ग्रॅमपर्यंत नेला आणि तरी चाचणीचा गोळा फुटला, तर त्या दिवशी उकळण्याचा नाद सोडा. लोणी लावलेल्या भांड्यात ते सगळं मिश्रण पसरा, वर चीज किसा आणि १९० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. पाहुण्यांना काही कळत नाही. पुढच्या वेळी रिकोटा बदला. स्थानिक चीज करणाऱ्याकडून घेत असाल तर त्यालाच विचारा की किती तास निथळवतो. तुमच्या स्वयंपाकघरात न सापडणारं उत्तर त्याच्याकडे असतं.

रिकोट्याला आंबट किंवा कडवट वास असेल, वर गुलाबी-पिवळे डाग असतील, तर तो वाचवायला जाऊ नका. फेका.

पसरट पातेल्यातलं पाणी गोळे सोडल्यावर पाच मिनिटांतही पुन्हा उकळत नसेल, ज्योत पिवळी जळत असेल किंवा भांड्याचं बूड काळं होत असेल, तर दोष शेगडीत आहे. थंड असताना बर्नर काढून धुवून वाळवा, एवढंच आपलं काम. त्यानंतरही तसंच असेल तर गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा, नोझल स्वतः उघडू नका. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. पाइप गॅस असेल तर बिलावर कंपनीचा आणीबाणीचा क्रमांक असतो.

रात्रभर ठेवायच्या उपायासाठी फ्रिज खरोखर थंड हवा. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून सकाळी बघा. ५ अंशांच्या वर आकडा असेल तर दाराचं रबर पुसून, बटण एक घर पुढे सरकवून पुन्हा एक रात्र बघा. तरी उतरला नाही तर फ्रिजवाल्याला बोलवा, आणि तो येऊन जाईपर्यंत कच्च्या अंड्याचं मिश्रण रात्रभर ठेवू नका.

घरात कुणाला सेलिॲक (गव्हातलं ग्लूटेन न चालण्याचा आजार) असेल तर मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर घालता येतं, गोळे धरतातही. पण रवा, हाताला लावायचं पीठ, तीच चाळणी, तेच पातेलं हे सगळं मध्ये येतं. किती काळजी पुरेशी आहे ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला विचारूनच करा.